किल्लीला तांबट : भरतकामाच्या दोऱ्यातून क्रोशाचा इवलासा पक्षी

सुगरण

क्रोशाचे किचेन-पक्षी हल्ली प्रदर्शनांत, भेटवस्तूंच्या दुकानांत सगळीकडे दिसतात. गोलमटोल अंग, दोन काळे मणी, नारिंगी चोच. हिरव्या दोऱ्यात विणला की पोपट, तपकिरी दोऱ्यात विणला की चिमणी. एवढे बारीक टाके घालायचेच असतील, तर ओळखू येईल असा पक्षी का विणू नये, असं मला फार वाटतं. किल्ल्या टेबलावर ठेवल्या की समोरच्याने "अरे, तांबट!" म्हणायला हवं. म्हणून हा धागा.

तांबटच का, ते आधी सांगते. किचेनसाठी पक्षी निवडताना रंगापेक्षा बांधा बघावा. खंड्या देखणा खरा, पण त्याची लांब चोच बॅगेत चार दिवसांत वाकते. शिंजिराची बाकदार चोच तर दोऱ्यात उतरवणंच अवघड. तांबटाला मान जवळजवळ नाहीच. डोकं मोठं, अंग ठेंगणं, शेपूट आखूड, चोच जाड आणि छोटी. म्हणजे डोक्यापासून पोटापर्यंत एकाच तुकड्यात विणता येतो आणि बाहेर डोकावणारं, अडकणारं काही राहत नाही. शिवाय ओळख पटवणारे रंग सगळे चेहऱ्यावर. कपाळावर लाल ठिपका, डोळ्याच्या वर आणि खाली पिवळा, गळा पिवळा, त्याच्याखाली लाल पट्टा. डोळ्यातून जाणारी काळी रेघ. पोट मळकट पांढरं, त्यावर हिरव्या उभ्या रेघा. पाय लालसर. नर आणि मादी सारखेच दिसतात, त्यामुळे तो प्रश्नही नाही. पिल्लांना मात्र लाल रंग नसतो.

विणायला बसण्याआधी एकदा खरा तांबट बघून या. वड, पिंपळ, उंबर फळांवर आला की शहरातही हमखास भेटतो. उन्हाळ्यात भर दुपारी एकसुरी टुक-टुक-टुक चालू असतं. ओरडताना चोच मिटलेली असते आणि प्रत्येक टुक्‌ला गळा फुगतो. फुगलेला गळा एकदा पाहिला, की लाल पट्टा नेमका कुठे टाचायचा हे आपोआप कळतं.

आता दोरा. चार पदरी लोकरीत हाच पक्षी तळहाताएवढा होतो, ते खेळणं झालं, किचेन नव्हे. क्रोशाचा 20 नंबरचा सुती दोरा चालतो, पण त्यात छटा फार कमी मिळतात. भरतकामाच्या दोऱ्यात शेकडो छटा आहेत आणि त्याची चकाकी पिसांना शोभते. लडी आठ मीटरची असते, सहा पदरांची. अंगासाठी सहाही पदर एकत्र घ्यायचे आणि 1.25 मि.मी.ची स्टीलची सुई. चेहऱ्यावरच्या बारीक तुकड्यांसाठी तीन पदर आणि 0.75 मि.मी. हिरव्याच्या दोन लड्या एकदमच आणा. एक लडी शेवटच्या फेऱ्यांत दगा देऊ शकते आणि मागाहून आणलेल्या लडीची छटा किंचित वेगळी निघाली तर ते पाठीवर स्पष्ट दिसतं. मळकट पांढरा, पिवळा, लाल, काळा यांची प्रत्येकी एक लडी भरपूर होते. लडी तशीच ओढत विणू नका, गुंता होईल. आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून घ्या.

अंग डोक्याच्या माथ्यापासून सुरू करायचं. सलग गोल फेऱ्या, फेरी जोडायची नाही. सगळे टाके मुके खांब, म्हणजे क्रोशाचा साधा आखूड टाका (सिंगल क्रोशे). वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन टाके, घट म्हणजे दोन टाक्यांचा एक. फेरी जिथे सुरू होते ती पक्ष्याची पाठ. तिथे वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा खूण म्हणून ठेवा आणि दर फेरीला वर घेत चला. एवढ्या बारीक कामात नुसत्या नजरेने फेरी मोजता येत नाही.

फेरी 1 : मॅजिक रिंगमध्ये (ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या फासात) 6.
फेरी 2 : प्रत्येक टाक्यात 2 (12).
फेरी 3 : 1 साधा, 1 वाढ, असं 6 वेळा (18).
फेरी 4 : 2 साधे, 1 वाढ, 6 वेळा (24).
फेरी 5 ते 8 : 24 साधे.
फेरी 9 : 6 साधे, 1 घट, 3 वेळा (21). एवढीच मान.
फेरी 10 : 6 साधे, 1 वाढ, 3 वेळा (24).
फेरी 11 : 3 साधे, 1 वाढ, 6 वेळा (30).
फेरी 12 ते 16 : 30 साधे.
फेरी 17 : 3 साधे, 1 घट, 6 वेळा (24).
फेरी 18 : 2 साधे, 1 घट, 6 वेळा (18).
फेरी 19 : 1 साधा, 1 घट, 6 वेळा (12).
फेरी 20 : 6 घटी (6). दोरा ओवून आवळून टाका.

घट करताना दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या कड्या उचला, मग घट दिसत नाही आणि भोकही पडत नाही. पक्षी साधारण साडेतीन सेंटिमीटर उंच होतो. हात सैल असेल तर थोडा मोठा.

पोटाचा पांढरा भाग अकराव्या फेरीपासून सतराव्यापर्यंत. अकराव्या फेरीत सहा गट आहेत, त्यातला तिसरा आणि चौथा पांढऱ्यात विणा, म्हणजे बरोबर समोर दहा टाके पांढरे येतात. रंग बदलताना आधीच्या टाक्याची शेवटची ओढ नव्या रंगाने घ्यायची. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सलग गोल विणीत प्रत्येक टाका आपल्या खालच्या टाक्यापेक्षा किंचित उजवीकडे बसतो. दर फेरीला ठरल्या मोजणीनेच रंग बदलत गेलात, तर पांढरं पोट हळूहळू उजव्या पंखाखाली सरकतं. त्यावर उपाय असा, की दर दोन-तीन फेऱ्यांनी पांढरा एक टाका उशिरा सुरू करायचा. 10 हिरवे, 10 पांढरे, 10 हिरवे असेल, तर पुढे 11, 10, 9 करा. गणितापेक्षा डोळ्याने ठरवा. पक्षी समोर धरा आणि पोट चोचीच्या रेषेत आहे ना ते बघा.

पांढरा दोरा पाठीच्या हिरव्या टाक्यांत दाबत नेऊ नका, फटींतून डोकावतो. आतून सैल सोडा. ओढून धरलात तर पाठीला चुणी पडेल.

सोळावी फेरी झाली की थांबा, कारण किल्लीचा दोर आताच लावायचा. बहुतेक जण माथ्यावरच्या टाक्यात कडी अडकवतात आणि महिनाभरात माथा लांबट होतो, मग टाका तुटतो. त्याऐवजी शर्टच्या कॉलरचं छोटं बटण घ्या. मंगळसूत्र ओवायला वापरतात तो नायलॉनचा दोरा बटणाच्या भोकांतून घालून पक्की गाठ मारा, बटण आतून माथ्याला टेकवा आणि दोराची दोन्ही टोकं मॅजिक रिंगच्या मधून वर काढा. आता किल्ल्यांचा सगळा भार बटणावर, म्हणजे पूर्ण माथ्यावर पसरतो. वरच्या टोकांना छोटी कडी, कडीला किल्लीची रिंग.

मग भरण. उशीत वापरतात तो कृत्रिम तंतूंचा कापूस चिमट्याने थोडा थोडा भरा. घरच्या कापसाच्या गुठळ्या होतात. उरलेल्या रंगीत दोऱ्यांचे तुकडे आत कोंबायचा मोह होतो, पण पांढऱ्या पोटातून ते दिसतात. आधी डोकं गच्च, मग अंग.

पंख (दोन, हिरव्याचे सहा पदर) : 7 साखळ्या. दुसऱ्या साखळीपासून 1 जोडटाका, 1 मुका खांब, 2 अर्धे खांब, 1 खांब, शेवटच्या साखळीत 5 खांब. मग साखळीच्या दुसऱ्या बाजूने परत येताना 1 खांब, 2 अर्धे खांब, 1 मुका खांब, 1 जोडटाका. थेंबासारखा आकार होतो. निमुळतं टोक शेपटीकडे. पंखाची वरची कडच शिवा, खालची मोकळी ठेवा. शेपूट म्हणजे 6 साखळ्यांवर 5 मुक्या खांबांच्या चार ओळी, बस.

चेहरा सगळ्यात शेवटी, आणि तिथे घाई नको. चोच काळ्याच्या तीन पदरांत : मॅजिक रिंगमध्ये 4, पुढची फेरी 5, त्यापुढची 6. सहाव्या ते आठव्या फेरीच्या मध्ये समोर शिवा. लाल कपाळासाठी तीन पदरांत 6 मुक्या खांबांची चकती विणून चोचीच्या लगेच वर टाचा. गळ्याच्या लाल पट्ट्यासाठी 5 साखळ्यांवर 4 मुके खांब, थोडा चंद्रकोरीसारखा वाकवून. पिवळा भाग दोन पदरांनी भरीव टाक्यांनी भरा. डोळ्याला 2 मि.मी.चा काळा मणी आणि त्यातून मागे जाणारी काळी रेघ. पोटावरच्या हिरव्या रेघा एका पदराने, लांब-आखूड, एका मापाच्या नकोत. आणि चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेका काळ्या पदराच्या दोन-तीन मिश्या. तांबटाला त्या खरोखर असतात आणि त्या लावल्या की पक्षी एकदम जिवंत होतो.

तुम्ही विणलेत की इथे सांगा. दुसरा पक्षी घेतलात तर फारच छान.

— — —

निळी_लडी

ताई, फार नेटकं लिहिलंय. दोन अडचणी आहेत. सहा पदरांतला एखादा पदर सुईतून निसटतो आणि टाक्याबाहेर लोंबतो. दुसरं म्हणजे आमच्याकडे दुकानदार सुईचे नंबर सांगतो, मि.मी. सांगत नाही.

सुगरण

निळी_लडी, नंबरावर विसंबू नकोस. स्टीलच्या सुयांचे नंबर देशागणिक आणि कंपनीगणिक वेगळे असतात. सुईच्या चपट्या भागावर मि.मी.चा आकडा कोरलेला असतो, तो वाचून घे. पुसट असेल तर भिंगाखाली धर.

पदर निसटतो त्याचं कारण दोऱ्यातच आहे. लोकरीत किंवा क्रोशाच्या दोऱ्यात पदर एकमेकांत घट्ट पिळलेले असतात. भरतकामाचा दोरा मुळी पदर सुटे करता यावेत म्हणूनच सैल ठेवलेला असतो. त्यामुळे सुई टाक्यात घालताना टोकदार नाकाची सुई पदरांच्या मधे शिरते. बोथट, गोल नाकाची सुई घे. आणि निसटलेला पदर कात्रीने कापू नकोस. टाका तिथल्या तिथे उसव आणि परत घाल. कापलेला पदर किल्ल्यांना घासून घासून हमखास सुटत जातो.

डाव्या हाताने दोरा धरताना तो मधल्या बोटाभोवती एक वेढा जास्त घेतलास, तरी पदर एकत्र राहतात.

— — —

पक्षीमित्र_ठाणे

क्रोशातलं मला शून्य कळतं, पण तांबट रोज बघतो म्हणून लिहितो. मिश्यांचा उल्लेख वाचून खूप आनंद झाला, फोटो काढणारेही ते विसरतात.

थोडी भर घालतो. डोळा चोचीच्या वरच्या कडेच्या रेषेत ठेवा. त्याहून वर गेला की पक्षी घाबरल्यासारखा दिसतो. डोळ्याच्या वरचा आणि खालचा पिवळा ठिपका एकमेकांना जोडू नका, मधून काळी रेघ गेलीच पाहिजे. आणि गळ्याच्या पिवळ्याला लाल पट्ट्याच्या वरच ठेवा, लालच्या आजूबाजूला पसरवू नका.

दुसरं, पश्चिम घाटातल्या गर्द जंगलात मलबारी तांबट असतो. त्याचा चेहरा, गळा, छाती सगळं लाल, आणि डोळ्याभोवती पिवळं नाही. कोणाला चेहरा सोपा हवा असेल तर तो विणा, पण मग पिवळा दोरा पेटीत ठेवा. दोघांची सरमिसळ झाली तर कुठलाच पक्षी होणार नाही.

सुगरण

डोळ्याच्या रेषेचं फार मोलाचं सांगितलंत. लोक मणी शिवताना विणीची फेरी बघतात, चोच बघत नाहीत. आधी चोच शिवा, मग टाचणीच्या डोक्यांनी डोळे तात्पुरते लावून बघा, मग मणी, असा क्रम ठेवते.

— — —

डावखुरी

माझं पोट डावीकडे सरकतंय!

सुगरण

डावखुऱ्यांची वीण आरशातली असते, म्हणून टाकेही डावीकडे झुकतात. उपाय तोच. पांढरा दर दोन-तीन फेऱ्यांनी एक टाका उशिरा सुरू करा, तुमच्या विणीच्या दिशेने. 11, 10, 9 हाच हिशेब चालेल.

आणखी एक करून बघा. टाक्यातून दोरा ओढताना तो सुईवरून गुंडाळून न घेता सुईच्या खालून उचला. मग टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा न दिसता फुलीसारखा दिसतो, आखूड आणि घट्ट बसतो आणि झुकावही बराच कमी होतो. किचेनसाठी मला ही वीणच जास्त आवडते, कापूस अजिबात दिसत नाही. फक्त पक्षी थोडा बुटका होतो. तो नको असेल तर अंगाची एक साधी फेरी वाढवा.

— — —

अंत्रुजकर

आमच्या गोव्याचा राज्यपक्षी घ्यायचं ठरवलंय, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल. काळं डोकं, माणकासारखा लाल गळा, पिवळं पोट, पाठ शेवाळी. डोळा पांढरट असतो, तो कसा करायचा? आणि तुमच्या आराखड्यात काय बदलू?

सुगरण

काय सुंदर निवड! याला तुरा नसतो हे उत्तम. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, तोही कोणी घेतला तर जोडी होईल.

बांध्यात तीन बदल. बुलबुल तांबटापेक्षा सडपातळ आणि ताठ. अकराव्या फेरीत 30 वर न जाता 24 वरच राहा आणि साधी फेरी दोन-तीनने वाढवा. डोकं लहान हवं, म्हणून चौथी फेरी गाळून 18 वर डोकं विणा. मग 9 आणि 10 या फेऱ्यांची गरज नाही, मानेनंतर 2 साधे, 1 वाढ असं सहा वेळा करून 24 वर या. डोकं अठराचं झालं की कॉलरचं बटण बसणार नाही, त्याऐवजी बटणाच्या जागी मोठ्या भोकाचा चपटा मणी घ्या. शेपूट 6 साखळ्यांऐवजी 10 साखळ्यांवर.

डोक्याच्या काळ्यावरून अंगाच्या पिवळ्या-शेवाळीवर जाताना पूर्ण फेरीभर रंग बदलतो, त्यामुळे ते तांबटाहून सोपं आहे. डोळ्यासाठी पांढरा मणी नको, पक्षी भुतासारखा दिसतो. एका पांढऱ्या पदराने छोटं कडं भरा आणि मधे काळी फ्रेंच गाठ (सुईवर दोरा गुंडाळून घालतात ती ठिपक्यासारखी गाठ) घाला.

काळं डोकं मात्र दिवसा, खिडकीपाशी विणा. काळ्या दोऱ्यात रात्रीच्या दिव्याला टाके सापडत नाहीत. मांडीवर पांढरा पंचा पसरलात तर बराच फरक पडतो, टाक्यांच्या फटी उजळ दिसतात.

— — —

पिंपळपान

काळ्यावरून आठवलं, दोन कंपन्यांचे रंगक्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत हे नवीन मुलींनी लक्षात ठेवावं. काळा अँकरमध्ये 403, डीएमसीमध्ये 310. परदेशी आराखड्यात डीएमसीचे नंबर असतात आणि इथे आपण तोच नंबर अँकरमध्ये मागतो, मग भलताच रंग हातात येतो. रूपांतराचे तक्ते मिळतात, पण ते जवळपासची छटा सांगतात. लडी उजेडात बघूनच घ्यावी.

माझं एक म्हणणं आहे. आमच्या वेळी 40 नंबरच्या दोऱ्याचे रुमाल, तोरणं विणायचे आणि साखरेच्या पाण्यात बुडवून कडक करायचे. या पंख-शेपटीला तसं केलं तर?

सुगरण

काकू, साखरेचा कडकपणा रुमालावर अप्रतिम बसतो, पण हे किचेन घामट हातात आणि पावसाळ्यात फिरणार. साखर ओल धरते आणि मुंग्याही येतात. पांढरा फेव्हिकॉल थोड्या पाण्यात पातळ करून फक्त शेपटीच्या आणि पंखांच्या आतल्या बाजूला ब्रशने लावा. चकाकी वरच्या बाजूची आहे, ती झाकायची नाही. हा कडकपणा धुतल्यावर उतरतो, तेव्हा धुवून वाळल्यावर परत एक हात द्यायचा.

— — —

मिरजेची_लेक

लाल दोरा! लाल सुटला आणि माझ्या पांढऱ्या पोटावर गुलाबी छटा आली. नावाजलेल्या कंपनीचा नव्हता, सुटा घेतला होता. भरतकामाच्या सगळ्या दोऱ्यांचा रंग पक्का नसतो का?

सुगरण

नसतो. विशेषतः लाल, किरमिजी आणि गडद निळा विणण्याआधी तपासायचा. दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात ठेवून वरून गरम इस्त्री फिरवायची. फडक्यावर डाग आला तर ती लडी बाजूला. रंग खूप आवडला असेल तर लडी थंड पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवून मगच वापरायची, आणि धुतल्यावर परत इस्त्रीची परीक्षा.

चांगल्या भरतकामाच्या दोऱ्यावर मर्सरायझेशन केलेलं असतं. कॉस्टिक सोड्यात सुती धागा फुगतो, मजबूत होतो आणि रंग जास्त चांगला धरतो हे इंग्लंडच्या जॉन मर्सरने 1844 मध्ये शोधलं. त्याच प्रक्रियेत धागा ताणून ठेवला की चकाकी येते, हे 1890 च्या सुमारास होरेस लोवने दाखवलं. म्हणून लडीवर तसा उल्लेख आहे का ते बघायचं. नुसती चमक बघून घेऊ नये, रेयॉनचा दोराही चमकतो आणि तो क्रोशात फार निसरडा असतो.

तुझ्या पोटाबद्दल : त्याच्यावर तशाही हिरव्या रेघा येणार आहेत. गुलाबी छटा वरच्या बाजूला असेल तर ती लाल पट्ट्याच्या जवळच आहे. थंड पाणी आणि सौम्य साबणाने एकदा धुऊन बघ, उसवू नकोस.

— — —

बाजारहाट

विकणाऱ्यांसाठी प्रश्न. प्रदर्शनात लोक विचारतात, "मशीनवरचं आहे का? मग एवढी किंमत का?" काय सांगायचं?

पिंपळपान

असं गोल क्रोशाकाम करणारं मशीन बाजारात नाही, असं सांगायचं. क्रोशासारखी दिसणारी लेस मशीनवर निघते, पण ती विणच वेगळी. भरीव अंगाचा क्रोशाचा पक्षी कुठेही दिसला, अगदी कवडीमोल भावात दिसला, तरी तो कोणीतरी हातानेच विणलेला असतो. हे कळलं की स्वस्त पक्ष्याची किंमत बघून माणसाला विणणारीची काळजी वाटायला हवी.

सुगरण

काकूंशी शंभर टक्के सहमत. दोऱ्याचा खर्च यात नगण्य आहे, किंमत वेळेची आणि डोळ्यांची आहे. मी म्हणेन, सोपा गोल पक्षी आणि ओळखू येणारा तांबट यांची किंमत वेगळी ठेवा आणि दोन्ही शेजारी मांडा. चेहऱ्यावरचं काम गिऱ्हाइकाला तिथेच दिसतं. सोबत छोट्या कार्डावर पक्ष्याचं नाव आणि तो कुठल्या झाडांवर दिसतो ते लिहा. लहान मुलं ते कार्ड वाचतात आणि आईला ओढून परत आणतात.

आणि हो, तान्ह्या मुलांच्या घरी जाणाऱ्या पक्ष्याला मणी लावू नका. 2 मि.मी.चा मणी सुटला की थेट तोंडात. डोळे दोऱ्यानेच भरा. कडी, बटण असलेली ही वस्तू खेळणं नाही, असंही कार्डावर लिहा.

बाजारहाट

कार्डाची कल्पना उचलते आहे. कड्या आणि रिंगा घाऊक कुठे घेता?

सुगरण

पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत. कडी घेताना जोड नीट मिटलेला आहे ना ते नखाने तपासा. फट राहिली तर नायलॉनचा दोरा तिथूनच निसटतो. रिंग स्टीलचीच घ्या, मुलामा दिलेल्या रिंगांचा काळेपणा दोऱ्याला लागतो.

— — —

कॅरोलायनाकर

इथे नॉर्थ कॅरोलायनात आमच्या अंगणात कार्डिनल येतो, तोच इथला राज्यपक्षी. नर लालभडक, चोचीभोवती काळा मुखवटा, चोच नारिंगी-लाल आणि जाड, डोक्यावर टोकदार तुरा. मुलीला शाळेच्या दप्तराला हवाय. तुरा कसा उभा राहील? आणि माथ्यावर तुरा असेल तर किल्लीचा दोर कुठून काढू?

सुगरण

तुरा वेगळा शिवू नका, दप्तराला घासून आडवा पडेल. डोकंच निमुळतं सुरू करा. मॅजिक रिंगमध्ये 4, पुढची फेरी 4 साधे, मग प्रत्येक दुसऱ्या टाक्यात वाढ करून 6, मग एक साधी फेरी, मग 2 टाक्यांनी एक वाढ म्हणजे 8, मग प्रत्येक दुसऱ्या टाक्यात वाढ करून 12, आणि तिथून वरच्या आराखड्यातली तिसरी फेरी धरा. शंकूसारखं टोक येईल. त्यात कापूस घालू नका, लाल दोऱ्याचेच तुकडे घट्ट भरा, इथे ते दिसले तरी लालच दिसतात. भरण झालं की टोक बोटाने मागे वाकवून आतून एक टाका घाला, म्हणजे तुरा मागे झुकलेला राहील.

दोर तुऱ्यातून काढायचा नाही. तुऱ्याच्या मागे, डोकं आणि पाठ जिथे मिळतात तिथून काढा. आतलं बटणही तिथेच, पाठीच्या आतल्या बाजूला टेकवा. पक्षी लटकताना किंचित पुढे झुकेल, फांदीवरून खाली बघितल्यासारखा, ते वाईट दिसत नाही. सरळ हवा असेल तर पोटाच्या तळाशी दोन-चार जड काचमणी कापसात दडवा.

मुखवटा काळ्याच्या दोन पदरांनी भरा, चोच शिवून झाल्यावर. आणि मुलीला विचारून बघा, मादीही विणता येईल. ती मातकट तपकिरी, तुऱ्याला, पंखांना आणि शेपटीला लालसर झाक, चोच मात्र नरासारखीच. तपकिरीच्या पाच पदरांत लालचा एक पदर मिसळून विणलंत तर ती झाक बरोबर उतरते. सुटे पदर असलेल्या दोऱ्याचा हा मोठाच फायदा आहे.

कॅरोलायनाकर

पदर मिसळायचं डोक्यातच आलं नव्हतं! मग जोडीच करते. मादीच्या पंखात दोन पदर लाल आणि अंगात एक, असं चालेल ना?

सुगरण

चालेल, तसंच करा. फक्त सहा पदर एकत्र करण्याआधी प्रत्येक पदर वेगळा ओढून घ्या आणि मग जुळवा. लडीतून तीन-तीन एकदम ओढले तर लाल पदर एका बाजूला राहतो आणि अंगावर पट्टे दिसतात. तुकडे हातभर लांबीपेक्षा मोठे घेऊ नका, जोड आतल्या बाजूला गाठीशिवाय विणत न्या.